चुलीच्या खोलीतला उजेड : कोकणातील स्वयंपाकघर जलरंगात रंगवताना

कोकणातील जुन्या कौलारू घराचे स्वयंपाकघर जलरंगात उतरवायचे असेल, तर पहिला अर्धा तास रंगपेटी उघडूच नये, असे माझे ठाम मत आहे. बाहेरच्या लख्ख खळ्यातून, म्हणजे अंगणातून, ओटी आणि माजघर ओलांडून आपण आत येतो, तेव्हा डोळ्यांना प्रथम चुलीतला विस्तव आणि काचेच्या कौलातून पडलेला कवडसा एवढेच दिसते. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मग एकेक वस्तू दिसू लागते : भिंतीला टेकलेली उतरंड (एकावर एक रचलेली मडकी), कोनाड्यातले डबे, शिंक्यावरचे मडके, वाशाला बांधून टांगलेली तवशी (मोठ्या काकड्या) आणि धुराने काळेभोर झालेले आढे. घाईने बसलेला चित्रकार पहिल्या मिनिटाचा अंधार रंगवायला घेतो आणि अर्ध्या तासाने दिसलेल्या सगळ्या वस्तू त्यात भरतो. मग चित्र ना अंधाराचे राहते ना वस्तूंचे. म्हणून आधी शांत बसून पाहावे आणि या दोन्हींपैकी आपल्याला काय रंगवायचे आहे ते ठरवावे. या लेखात मी सरावलेल्या डोळ्यांना दिसणारे स्वयंपाकघर गृहीत धरले आहे, कारण त्यातला अंधार रंगांनी भरलेला असतो आणि जलरंगाचे पारदर्शकपण तिथेच कामाला येते.

घरातल्यांची परवानगी घ्यावी, हे सांगायला नको. पण ती आदल्या दिवशी घ्यावी. अचानक गेल्यास घरची बाई संकोचते आणि आवराआवर करू लागते. ती करू लागली तर “राहू द्या, असेच छान दिसते” असे म्हणून तिला थांबवू नये. आपल्याला चित्रात सोयीचा वाटणारा पसारा तिच्या दृष्टीने तिच्या घराची उणीव असते. साध्या घराचे चित्र काढताना पोपडे, जाळी आणि फुटके कौल शोधून शोधून दाखवण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत ती आठवड्यापूर्वी कोणीतरी कंबर वाकवून सारवलेली असते, भांडी राखेने घासून पालथी घातलेली असतात. ती निगा चित्रात दिसली पाहिजे.

बसण्याची जागा आणि कागदावरचा उजेड

चूल जमिनीलगत असते, सगळे काम बसून चालते, म्हणून चित्रकारानेही पाटावर बसावे. खाली बसल्यावर डोळ्यांची पातळी जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येते आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला खोली जशी दिसते तशी ती आपल्याला दिसते. उभे राहून काढलेल्या चित्रात सगळ्या भांड्यांची तोंडे वरून दिसतात, जमीन कागदाचा अर्धा भाग खाते आणि छपराची उंची जाणवत नाही.

जागा शक्यतो माजघराच्या दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला निवडावी, म्हणजे कागदावर बेताचा सारखा उजेड येईल. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. कागद अंधारात असेल तर लावलेला रंग असतो त्याहून गडद भासतो, आपण लवकर थांबतो आणि चित्र बाहेर आणल्यावर फिकट, निर्जीव दिसते. कागदावर ऊन असेल तर उलटे होते : डोळे दिपतात आणि रंग गरजेपेक्षा काळा होतो. त्यात जलरंग सुकल्यावर मुळातच एक पायरी फिका पडतो. म्हणून प्रत्येक मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, सुकल्यावर कागद घेऊन एकदा पडवीत जावे, सावलीत तो पाहावा आणि मगच पुढे जावे.

साहित्य

कागद सुती, ३०० ग्रॅम वजनाचा, मध्यम खरबरीत पोताचा घ्यावा. २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण कागदाचा पाव भाग, म्हणजे ११ बाय १५ इंच, या विषयाला पुरेसा होतो. कागदाच्या बाबतीत काटकसर करू नये, रंगांच्या बाबतीत एक वेळ चालेल. अंधार तीन-चार थरांत उभा करायचा असतो, आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद तिसऱ्या थराला भुसभुशीत होतो. कोकणातल्या पावसाळ्यात बरेच महिने उघडा पडलेला कागद ओल धरतो, त्यावरचे सरसाचे अस्तर जागोजागी मरते आणि वॉश दिल्यावर तिथे टीपकागदासारखे डाग उठतात. तेव्हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा. फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो बसवला की पाव आकाराला पुरते.

रंग सहाच घ्यावेत : यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाईट रेड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि लाल-जांभळट छटेसाठी कायम टिकणारा क्रिमसन. जुन्या पद्धतीचा अलिझरिन क्रिमसन उजेडात उडतो, तो टाळावा. पेटीतला काळा रंग झाकून ठेवावा. यांतले पहिले चार रंग मातीचे आहेत, आणि या विषयाशी त्यांचे नाते जवळचे आहे. जांभ्या दगडाचा तांबडेपणा, भिंतीच्या पायथ्याला लावलेली काव आणि आपल्या ट्यूबमधला लाईट रेड, तिन्हींचा रंग लोहाच्या ऑक्साइडपासून येतो. पिवळसर सिएना माती भाजली की बर्न्ट सिएना होते. कुंभाराच्या भट्टीत पिवळसर मडके लाल होऊन निघते त्यामागेही हाच बदल असतो. मडके रंगवताना मी बर्न्ट सिएना जवळजवळ काही न मिसळता वापरतो, आणि ती मडक्याला शोभते याचे कारण इतके साधे आहे.

ब्रश तीन : बारा नंबरचा गोल, एक इंची चपटा आणि सहा नंबरचा टोकदार गोल. पाण्याची भांडी दोन, आणि त्यांतले एक फक्त स्वच्छ पाण्याचे, हे काटेकोरपणे पाळावे.

कवडसा पकडणे

रेखाटनाआधी उजेड कुठे आहे ते कागदावर नोंदवावे, कारण खोलीत सर्वांत वेगाने बदलणारी गोष्ट तीच आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. काचेचे कौल जमिनीपासून बारा फूट उंच असेल तर मध्यान्हीच्या सुमारास कवडसा तासाला साधारण तीन फूट सरकतो. म्हणजे रंग कालवेपर्यंत हंड्यावरचा उजेड जात्यावर गेलेला असतो. एक क्षण निवडावा, पाच मिनिटांत पेन्सिलीने कवडशाची कड आखावी आणि नंतर तो कुठेही गेला तरी चित्रातला हलवू नये.

कवडशाची कड नीट न्याहाळावी. सूर्य बिंदूएवढा नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे बारा फुटांवरून पडलेल्या उजेडाची कड सुमारे सव्वा इंच मऊ असते. कौलांच्या फटीतून येणारे बारीक ठिपके फट वाकडीतिकडी असली तरी गोल किंवा लंबगोल दिसतात, कारण तो प्रत्येक ठिपका सूर्याची प्रतिमाच असतो. पट्टीने आखल्यासारखी कडा दाखवली की कवडसा फरशीवर ठेवलेल्या कागदासारखा दिसतो. हवेतली तिरपी झोत मात्र धूर असेल तेव्हाच ठळक दिसते; चूल विझलेल्या खोलीत झोत रंगवणे चूक आहे.

यानंतर काड्याच्या पेटीएवढी तीन-चार छोटी रेखाटने मऊ पेन्सिलीने करावीत आणि त्यांत फक्त तीन छटा वापराव्यात : पांढरी, मधली, काळी. माझा अनुभव असा, की कागदाचा निम्म्याहून बराच अधिक भाग गडद, पाव भाग मध्यम आणि उरलेला थोडासा उजळ ठेवला की खोली आत ओढून घेते. उजेड एकाच ठिकाणी मोठा असावा. दुसरा असेल तर तो मागील दाराच्या फटीसारखा बारीक असावा. दोन सारखे उजेड एकमेकांना मारतात.

रेखाटन

मागची भिंत कागदाला समांतर धरली तर यथार्थदर्शनाची अडचण फारशी येत नाही : बाजूच्या भिंतींच्या आणि जमिनीच्या रेषा आपल्या डोळ्यांच्या पातळीवरच्या एका बिंदूकडे जातात, तो बिंदू चुलीच्या किंचित बाजूला ठेवावा.

अधिक वेळ उतरंडीला द्यावा. एकावर एक रचलेली पाच-सहा मडकी म्हणजे लंबवर्तुळांचा पूर्ण धडा आहे. आपण अडीच फुटांवरून पाहत असू, तर त्या उंचीवरच्या मडक्याचा काठ जवळजवळ सरळ रेषेत दिसतो. त्याखालच्या मडक्यांचे काठ खाली जावे तसे अधिकाधिक उघडतात, आणि वरच्यांचे काठ उलट्या बाजूने वाकतात. हा क्रम चुकला की उतरंड कललेली वाटते, आणि रंगाने ती सरळ होत नाही. शिवाय मडकी हाताने घडवलेली असतात. प्रत्येकाचा फुगवटा थोडा वेगळा असतो, आणि सगळ्यांत मोठे मडके तळाशी असते. उतरंड मध्यरेषेवर अगदी तंतोतंत बसवू नये. खरी उतरंड किंचित डुलत वर जाते. पेन्सिल हलकी ठेवावी आणि खोडरबर शक्यतो लावू नये, कारण घासलेल्या जागी कागद रंग जास्त पितो.

पहिला वॉश

फळी पंधरा अंश तिरपी ठेवावी. पांढरे राखायचे ते आधी मनाशी पक्के करावे : कवडशाचा गाभा, हंड्यावरची चमक, विस्तवाचे तोंड, दाराची फट. मी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखण्यासाठी लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) वापरत नाही, कारण त्याच्या कडा कापल्यासारख्या राहतात आणि या खोलीत तशी कड कुठेच नसते.

यलो ऑकरमध्ये चिमूटभर लाईट रेड मिसळून ताकाएवढा दाट, भरपूर रंग तयार करावा आणि मोठ्या ब्रशने वरून खाली एकदाच सगळीकडे न्यावा. कवडशाजवळ आल्यावर स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवून कड विरघळू द्यावी. भिंतीचा वरचा भाग छपराकडे जाताना त्यातच बर्न्ट सिएना सोडावी, जमिनीकडे येताना थोडे अल्ट्रामरीन. हा थर नंतर जवळजवळ सगळा झाकला जाणार असतो, तरी तो टाळता येत नाही. पुढचे सगळे गडद रंग याच्या उबेवर उभे राहतात आणि खालून येणाऱ्या या पिवळसर प्रकाशामुळे अंधार मळकट होत नाही. हा थर पूर्ण सुकू द्यावा. हाताचा मागचा भाग कागदाला लावून पाहावा. गार लागला तर तो अजून ओला आहे. पावसाळ्यात याला अर्धा तासही लागतो. त्या वेळात चहा घ्यावा, कागदाला हात लावू नये.

अंधाराचे रंग

या खोलीत अंधार एकसारखा नाही. छपराखालचा अंधार काजळीचा आहे, तो उबदार आणि किंचित चकाकणारा असतो, कारण वर्षानुवर्षांचा धूर आणि तेलकटपणा वाशांवर बसलेला असतो. कोपऱ्यातला, रांजणाच्या मागचा अंधार ओलसर आणि निळसर असतो. चुलीच्या पोटातला अंधार तांबूस असतो. तिन्हींसाठी एकच काळपट मिश्रण वापरले की खोली सपाट होते.

छपरासाठी बर्न्ट सिएना दोन भाग आणि अल्ट्रामरीन एक भाग घ्यावे. कोपऱ्यासाठी हेच प्रमाण उलटे करावे. चुलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये क्रिमसन मिसळावा. हे रंग पॅलेटवर घोटून एकजीव करू नयेत. अर्धवट मिसळलेले ब्रशवर घ्यावेत आणि बाकीचे मिश्रण कागदावर होऊ द्यावे. अल्ट्रामरीनचे कण जड असल्याने ते कागदाच्या खळग्यांत बसतात, सिएना वर तरंगते, आणि सुकल्यावर त्या जागी धुराने खरबरीत झालेल्या भिंतीचा पोत आपोआप मिळतो. तो मुद्दाम ब्रशने ठिपके देऊन आणता येत नाही.

दुसऱ्या वॉशमध्ये छप्पर, मागची भिंत आणि डावा कोपरा एकाच सलग आकारात रंगवावेत. वासा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते दाखवण्याची घाई करू नये. जिथे आपल्याला प्रत्यक्षात कड दिसत नाही तिथे चित्रातही ती नसावी. सुकल्यावर काकवीएवढ्या दाट रंगाने तीन-चार वासे, फडताळाची फट आणि उतरंडीमागची सावली द्यावी. एवढ्यावर थांबावे. गडद भागात ब्रश एकदा ठेवला की दुसऱ्यांदा तिथे फिरवू नये. अर्धवट ओल्या रंगात पुन्हा घातलेला ब्रश खालचा थर उकरतो आणि चिखल तयार होतो. चूक झालीच, तर सुकू द्यावे आणि मग वरून एक पातळ थर द्यावा.

जलरंगात एवढा गडदपणा पेलत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ पाहावे. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे हे चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातले आहे. त्यातला उजेड भोवतीच्या गडद छटांच्या आधाराने उभा आहे. आपण कवडसा आणखी पांढरा करायची धडपड करतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याशेजारचा रंग आणखी एक पायरी गडद करण्याची गरज असते.

सारवलेली जमीन

या चित्राचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. ओले सारवण हिरवट असते, सुकल्यावर ते करड्या-पिवळट रंगाकडे जाते. यलो ऑकर, त्यात थोडे अल्ट्रामरीन आणि नावापुरता लाईट रेड, हे मिश्रण जवळ जाते. कवडशापासून दूर जाताना अल्ट्रामरीन वाढवावे. वॉश ओलसर असताना, म्हणजे चकाकी जाऊन कागद मंद दिसू लागला की, पिळलेल्या चपट्या ब्रशने सारवणाची अर्धवर्तुळे उचलावीत. सारवणारी व्यक्ती आतल्या भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत येते, त्यामुळे दारातून पाहताना अर्धवर्तुळांची पाठ भिंतीकडे असते आणि दाराजवळची ओळ आतल्या ओळीवर चढलेली दिसते. दूरची अर्धवर्तुळे चपटी आणि दाट, जवळची मोठी आणि उघडी काढावीत.

राजापूर तालुक्यातल्या एका घरात मी असे चित्र पूर्ण करून घरच्या काकूंना दाखवले. त्यांनी चूल पाहिली, उतरंड पाहिली, आणि जमिनीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे मी सारवलेलं नाही.” मला कळेना. मग त्या जमिनीजवळ बसल्या आणि पोतेरे फिरवल्यासारखा हात करून दाखवला : त्या डावऱ्या होत्या. पोतेरे जिथे उचलले जाते तिथे शेणाची जाडसर कड राहते. त्यांच्या जमिनीवर ती डावीकडे होती आणि मी ती सवयीने उजवीकडे काढली होती. तेव्हापासून मी जमिनीला हात लावण्याआधी ती कड कोणत्या बाजूला आहे ते पाहतो, आणि ती दाखवायला टोकदार ब्रशने कोरड्या रंगाचा हलका फटकारा देतो.

विस्तव, धूर आणि भांडी

दिवसाच्या उजेडात विस्तवाचा प्रभाव वीतभरच असतो. चुलीच्या ओठावर, टोपाच्या बुडाला आणि वैलाच्या (चुलीच्या जोडतोंडाच्या) कडेला थोडी तांबूस छटा पुरे. सगळी भिंत नारिंगी करू नये. विस्तवाचा गाभा कोऱ्या कागदाचा ठेवावा, कडेने ओल्यात पातळ पिवळा, त्यात लाईट रेड आणि लगेच बाहेर चुलीच्या पोटातला गडद तांबूस. ही सगळी क्रिया मिनिटभरात व्हावी.

धुरासाठी गडद वॉश पूर्ण सुकल्यावर चपटा ब्रश स्वच्छ पाण्यात भिजवून पिळावा, वरून तिरपा खाली हलकेच फिरवावा आणि लगेच जुन्या धुतलेल्या सुती कपड्याने टिपावा. मातीचे रंग आणि अल्ट्रामरीन सहज उचलले जातात. थॅलोसारखे डाग धरणारे निळे रंग या पेटीत न घेण्याचे हे एक कारण आहे. झोत कौलाजवळ उजळ आणि जमिनीकडे विरळ असावी. दोनदा प्रयत्न करावा, तिसऱ्यांदा कागद उसवतो.

तांब्याच्या हंड्याला तीन गोष्टी पुरतात : राखलेली पांढरी चमक, तिच्याभोवती बर्न्ट सिएना, आणि सावलीच्या बाजूला जमिनीचा परावर्तित रंग. ॲल्युमिनियमच्या टोपाचे बूड काळे आणि काठ उजळ असतो. बाकी डबे, रोवळी, सूप, शिंके हे ब्रशच्या एकेका फटकाऱ्यात सुचवून सोडावे. चुलीपुढे कोणी बसलेले असेल तर पाठीचा बाक, डोक्याची कलती बाजू आणि फुंकणी धरलेला हात पुरे; चेहरा काढू नये, आणि ती व्यक्ती नको म्हणाली तर माणूस चित्रात घेऊच नये.

चित्र संपत आले की ते दोन दिवस भिंतीला लावून ठेवावे आणि दुरून पाहावे. मला बहुधा एखादी कड मऊ करायची किंवा एखादा कोपरा एका पातळ निळसर थराने मागे ढकलायचा एवढेच उरलेले आढळते. पांढरा पोस्टर रंग या टप्प्यावर हातात येऊ लागतो. तो परत ठेवावा, कारण बाकी सगळ्या पारदर्शक पृष्ठभागावर तो खडूसारखा वेगळा उमटतो.

मढवताना आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घ्यावा, म्हणजे काच रंगाला टेकत नाही आणि कागद पिवळा पडत नाही. समोरासमोर ऊन येते त्या भिंतीवर चित्र लावू नये. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे अर्धा इंच जाडीचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे पावसाळ्यात ओली भिंत आणि चौकट यांच्यामध्ये हवा खेळती राहते. आणि दिवाळीच्या सुमारास चौकट उतरवून मागची बाजू एकदा कोरड्या फडक्याने पुसावी.